साखरपुड्याच्या दिवशीचं मत

"गेलते का?"

आमच्या कॉलनीत पाणी सोडायला येणारे मामा एवढंच विचारायचे. त्यांच्याजवळ खड्ड्यांबद्दल बोला, बंद पडलेल्या दिव्याबद्दल बोला, नाहीतर आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाबद्दल. व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी खांद्याला टेकवून ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "बराबर हाये तुमचं. पण गेलते का?"

"कुठं?"

"शाळेत. मत टाकायला."

आमच्या शेजारचे इंजिनिअर साहेब एकदा गल्लीत उभे राहून अर्धा तास तावातावानं बोलत होते. मामांचा प्रश्न आला तसे ते जरा अडखळले. "अहो, जोडून सुट्टी आली होती. आम्ही सगळे म्हैसमाळला गेलो होतो."

"मंग म्हैसमाळलाच सांगा की पाणी सोडायला," मामा म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून निघाले. गल्ली हसली. इंजिनिअर साहेबही हसले, पण पुढच्या निवडणुकीला सकाळी सातला रांगेत सगळ्यांत पुढे तेच होते.

तुमच्याही भागात असा एखादा माणूस असेल. त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं, पण तो एक दिवस आला नाही की घराघरात त्याचीच चर्चा. आमची कॉलनी पडेगावच्या चढावर. खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे आवळला म्हणजे वरच्या गल्लीत पाणी चढतं, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते फक्त मामांच्या मनगटाला ठाऊक होतं. बदली माणूस आला की आमचे नळ नुसते फुसफुसायचे.

मात्र मतदानाचा हा प्रश्न मामांच्या तोंडी पहिल्यापासून नव्हता. तो कधी आला ते मला ठाऊक आहे, आणि का आला तेही.

दहा-अकरा वर्षं झाली असतील. माझ्या मुलीचा साखरपुडा घरीच होता. नांदेडहून पाहुणे यायचे होते, स्वयंपाक अंगणात व्हायचा होता आणि नेमका त्याच दिवशी पाण्याचा वार. आदल्या संध्याकाळी मामा सांगायला आले, "सर, उद्या मी नाय. बदली माणूस येईल. गावाकडं मतदान हाये."

गंगापूरकडचं त्यांचं गाव. ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि त्यांची थोरली बहीण, आक्का, वॉर्डातून उभी होती. त्यांची वस्ती ओढ्याच्या अलीकडं आणि शाळा पलीकडं. पावसाळ्यात ओढा भरला की वस्तीवरची पोरं घरी बसायची. मोठ्या पोरींची तर शाळाच सुटायची. ओढ्यावर पूल करून घ्यायचा, एवढ्या एका गोष्टीसाठी आक्का उभी राहिली होती. मामा हे सांगत होते तेव्हा माझ्या डोक्यात पिंप आणि बादल्या फिरत होत्या.

"मामा, माझ्या घरी कार्य आहे हो," मी म्हणालो. "तो दुसरा माणूस आला तर आमच्याकडं थेंब चढायचा नाही."

"आक्का उभी हाये, सर."

"येतील की आक्का निवडून. तुमच्या एका मतानं काय आभाळ कोसळणार आहे?"

हे वाक्य मी शिक्षक असून बोललो. नागरिकशास्त्र मीच शिकवायचो.

मामांनी डोकं खाजवलं. "पाणी सोडून लगेच निघतो मंग. संध्याकाळपर्यंत असतंय मतदान."

दुसऱ्या दिवशी पाणी असं आलं की गच्चीवरची टाकी भरून वाहिली. मामा निघाले, तर मीच त्यांचा हात धरला. "जेवल्याशिवाय जायचं नाही." पंगतीला वेळ झाला. त्यांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मी त्यांच्या ताटात जिलबी वाढली. अगदी प्रेमानं वाढली, हे खरं सांगतो. मग मामा घाईघाईनं हात धुऊन पळाले.

पुढच्या आठवड्यात व्हॉल्व्हच्या खड्ड्यात वाकलेले दिसले, तेव्हा मी सहज विचारलं, "काय मामा, आक्का आल्या का निवडून?"

"सारखी मतं पडली, सर." त्यांनी मान वर केली नाही. "मंग चिठ्ठ्या टाकल्या. एका लहान पोरीला उचलायला लावली. समोरच्या बाईची निघाली."

"आणि तुमचं मत?"

"जीप भरायलाच तासभर लागला. मी पोचलो तवा शाळेचं फाटक लावलं व्हतं."

एवढंच. पुढं ना एक शब्द, ना एक नजर. चावी फिरवून झाल्यावर म्हणाले, "वहिनींना सांगा, आज पाणी जरा उशिरा चढंल." मी घरात गेलो. आजवर मला कुणाच्या बोलण्यानं लागलं नसेल, इतकं त्या न बोलण्यानं लागलं.

पूल झाला नाही. वस्तीचं म्हणणं मांडायला ग्रामपंचायतीत कुणी नव्हतं. त्या जूनपासून मामांच्या सायकलच्या कॅरिअरवर एक मुलगी दिसायला लागली. दोन घट्ट वेण्या, मांडीवर दप्तर.

"भाची," मामा म्हणाले. "सातवी झाली. आक्का म्हनली, ओढ्यातून एकटी पोर कशी धाडू, बसू दे घरी. मी म्हनलं, माझ्याकडं दे. लई हुशार हाये, सर."

पडेगावात मामांचं दोन खोल्यांचं घर. त्यांची स्वतःची दोन मुलं होतीच. तिसरीची भर पडली. ती मुलगी माझ्याकडं गणिताला यायची. मी फी घेतली नाही, पण त्यानं माझं मन हलकं झालं असं मात्र म्हणणार नाही. आज ती शहरातल्या एका दवाखान्यात नर्स आहे.

मामांचा "गेलते का?" सुरू झाला तो त्याच वर्षी. कॉलनीत ते सगळ्यांना विचारायचे. मला मात्र त्यांनी तो प्रश्न एकदाही विचारला नाही.

पाच वर्षांनी गावात पुन्हा निवडणूक लागली. या वेळी मामा दोन दिवस आधीच गेले. आमच्या गल्लीत पाणी चढलं नाही आणि मी कुणाला तक्रार करू दिली नाही. चिठ्ठीत हरलेली आक्का पुन्हा उभी राहायला तयार झाली नव्हती. वस्तीवरची दुसरी एक बाई उभी होती. ती निवडून आली. दोन वर्षांत ओढ्यावर पूल झाला. वस्तीवरच्या पोरी आता चालत पलीकडं जातात. मधल्या वर्षांत ज्यांची शाळा सुटली होती, त्यांची लग्नं होऊन गेली होती.

मामा निवृत्त होऊन गावी गेले आणि वर्षभरात छातीच्या दुखण्यानं गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी त्यांचा फोटो ठेवला होता, टोपी घातलेला. माणसं हळूहळू पांगली. आक्का माझ्यासमोर येऊन बसल्या. पांढरे केस, भावासारखेच रुंद हात.

मी म्हणालो, "आक्का, तुमच्या निवडणुकीच्या दिवशी मामांना मी थांबवलं होतं. माझ्या घरी साखरपुडा होता."



"आमाला तर त्यो म्हनला, दुपारी जरा आडवा झालो आन् डोळा लागला," त्या म्हणाल्या. "समदं गाव त्याला हसलं. मरूस्तोवर झोपाळू मामाच म्हनायचे त्याला. पोरंसोरं बी."

मी मामांच्या फोटोकडं पाहिलं.

"त्यानं तुमचं नाव कधीच घेतलं नाय, सर."

"तुम्ही विचारलं नाही, खरं काय झालं म्हणून?"

आक्कांनी पदरानं फोटोवरची फुलाची एक पाकळी बाजूला केली.

"काय इचारायचं? दिवसा झोपलेला मी त्याला जन्मात बघितला नव्हता. मला तवाच कळलं, कुनाचं तरी झाकतोय. म्हनलं, झाकू दे."