दुपट्याची पाठ

केजला आमचं कापडाचं दुकान आहे. वडिलांनी थाटलं आणि मी चालवतो, असं लोक म्हणतात. खरं तर ते आपलं आपण चालतं आणि मी गादीवर बसून त्याच्याकडं बघतो. तर अशा कापडवाल्याच्या घरात लेकराच्या दुपट्याला पाठ मिळेना, ही गोष्ट त्या दिवसांत गल्लीत फार चवीनं सांगितली जायची. मीही सांगायचो. नाहीतरी लोक हसणारच होते, मग आपणच सांगितलेलं बरं.

पाठ म्हणजे ज्याच्यावर ठिगळं बसवायची ते मूळ कापड. आमच्याकडं मोठ्यांची ती वाकळ आणि तान्ह्याचं ते दुपटं. ठिगळांना काही नियम नाही. ब्लाउजपीसचे तुकडे, परकराचा घेर, माझ्या लग्नातल्या सफारीचा खिसा, काहीही चालतं. पाठ मात्र निवडून घ्यावी लागते, कारण दुपटं अंथरलं की ठिगळं खाली जातात आणि पाठ वर येते.

"लेकराला रंग कुठं दिसतोय? त्याला मऊ कळतं," आमची माय म्हणायची.

माझी लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला आली आणि मायनं सुईदोऱ्याचा डबा खाली काढला. तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. आधी माझ्या बहिणीच्या नातवाला तिनं असंच एक दुपटं शिवून दिलं होतं. वर्षभरानं आम्ही पुण्याला बहिणीकडं गेलो, तर ते दुपटं दिवाणखान्यात भिंतीवर. काचेच्या चौकटीत, वरून पिवळा दिवा सोडलेला. आल्यागेल्याला दाखवायचे, लोक मोबाईलवर फोटो काढायचे. मायचं लई कौतुक झालं. माय हसली, चहा प्याली. परत येताना एसटीत एकदम म्हणाली, "मंग लेकरू झोपतंय कशावर?"

मीच तिथं दोन फोटो काढले होते.

म्हणून या खेपेला दुपटं भिंतीवर जायला नको, पोराच्या अंगाखाली जायला पाहिजे, एवढं एकच तिनं धरलं होतं. बोलली नाही कुणाला. पण पाठ निवडायला घेतली आणि माझ्या दुकानाची अब्रू गेली.

पाठीला जुनं सुती लागतं. सवाष्णीचं, चांगलं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं असलं तर बघायलाच नको. माय घरोघर विचारत फिरली. आता सुती नेसतंय कोण? सगळ्यांच्या पेट्यांत साड्या होत्या, पण त्या पाणी पडलं तर घरंगळून जाणाऱ्या, दोन मिनिटांत वाळणाऱ्या. निम्म्याअधिक माझ्याच दुकानातल्या. शेजारच्या काकूंनी एक जुनं लुगडं आणून दिलं, तर मायचं बोट त्यातून आरपार गेलं.

"तुज्याकडचं दाव," शेवटी माय मला म्हणाली.

मी मोठ्या ऐटीत नवे तागे उलगडले. पॉपलिन, मलमल, मांजरपाट, सगळं सुती. आता कापड पारखायची मायची एक रीत आहे. ती बोटांनी चोळून बघत नाही. दुपारी जेवण झालं की कापडाची घडी गालाखाली घेते आणि झोपते. उठल्यावर आरशात बघते. गालावर कापडाची वीण उठली असली की ते कापड बाद. मांजरपाट पहिल्याच दुपारी बाद झालं. त्याच्या खळीनं तिचा कान लाल झाला होता. पॉपलिन बाद. मलमल मऊ निघाली, पण "ठिगळाचं वजं झेपायचं न्हाई हिला, फाटंल" म्हणून तीही गेली.

एकटीच्या गालावर किती भरवसा ठेवायचा, म्हणून तिनं मलाही कामाला लावलं. झोप हा एक विषय असा आहे, की त्यात मला घरात कुणी मागं टाकलेलं नाही. मी प्रत्येक कापडावर झोपलो आणि प्रत्येक कापडावर गाढ झोपलो. मांजरपाटावर तर चहाला उठवावं लागलं.

"कसं वाटलं?" मायनं विचारलं.

"चांगलं हाय की."

"तुला दगडावर टाकलं तरी चांगलंच हाय. जा, दुकान उघड."

नव्या कापडात मऊपणा नसतो, तो माणसांनी घालावा लागतो, असं तिचं म्हणणं पडलं. दिवस भरत आले होते. ठिगळं कापून, रंग जुळवून, दोऱ्यात ओवून तयार होती आणि पाठ नव्हती.

एका दुपारी ती दुकानात आली. आणखी काही आहे का, बघायला. मी कपाटात वरचा कप्पा धुंडाळत होतो, तोवर ती गादीवर टेकली. उन्हातून आलेली, तिथंच आडवी झाली आणि तिला झोप लागली. गिऱ्हाईक नव्हतं, मीही तिला न हलवता गादीच्या कडेला बसलो. अर्ध्या तासानं उठली, गालावरून हात फिरवला. मग भिंतीवरच्या आरशापाशी गेली. गिऱ्हाइकांनी पदर लावून बघायला ठेवलेला आरसा तो. त्यात तिनं दोन्ही गाल बघितले आणि परत येऊन गादीवरची पांढरी चादर चिमटीत धरली.

"ही कवाची?"

वडिलांच्या वेळची होती. तेव्हा तशा दोन होत्या, एक धुण्यात, एक गादीवर; आता ही एकच उरली होती. त्या चादरीवर बसून वडील लुगडी उलगडायचे. "आधी पांढऱ्यावर टाकून बघा ताई, मग अंगाला लावा," असं म्हणत लुगडं असं फेकायचे, की पदर नेमका बाईच्या गुडघ्यापाशी येऊन थांबायचा. दसरा झाला की ऊसतोडीला निघालेल्या घरांची झुंबड उडायची, टेंपो बाहेर उभा असायचा, आणि तेवढ्या घाईतही बाया हिरवं नेऊ का जांभळं नेऊ यावर तासभर घालवायच्या. वडील कंटाळायचे नाहीत. चहा सांगायचे. तो चहा सांडायचा, त्या रात्री चादर धुण्यात जायची. अशी किती वर्षं ती धुतली गेली, कोण जाणे. मला लुगडं तसं फेकायला कधी जमलं नाही. माझा पदर एकदा गिऱ्हाइकाच्या चहात पडला होता.

मायनं मला उठवून चादर ओढून घेतली. सोडा टाकून उकळली, दोन दिवस उन्हात टाकली. चहाचे डाग गेले. एका कोपऱ्यात वडिलांच्या शाईच्या पेनाचा निळा ठिपका होता, तो मात्र जाईना. मायनं त्याच्यावर लिंबू चोळलं, मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बसलाय तिथं."

आडवे धावदोरे सुरू झाले. तेव्हा लेकीला कळलं की पाठ कशाची आहे.

"आज्जी, त्याच्यावर सगळे लोक बसायचे ना?"

"लोक म्हंजे कोन? तुजा आजा बसायचा. तुज्या लग्नाचा बस्ता त्याच्यावरच फाडला."

"पण बाळाला... डॉक्टर सांगतात, स्वच्छ लागतं सगळं."

"उकळलंय की ते. तुला उकळून काडलं न्हवतं, तरी जगलीस."

लेक हसली, पण तिनं मोबाईलवरून एक गुबगुबीत ब्लँकेट मागवलं. त्याला सशाचे कान होते. पुडकं आलं त्या दिवशी मायनं त्या कानाला हात लावून बघितला आणि "गरम हाय" एवढंच म्हणाली. टाके घालायचं थांबवलं नाही. मी मध्ये पडायचा विचार केला. कुणाची बाजू घ्यावी ते ठरेना, म्हणून दुकान लवकर उघडलं.

पोरगा झाला. बारसं झालं. माहेरपणाचे दिवस संपले आणि जावईबापू गाडी घेऊन न्यायला आले. लेक बॅग भरत होती, माय उंबऱ्यावर बसून बघत होती. सशाचं ब्लँकेट वर, हाताशी. दुपटं मात्र लेकीनं नीट घडी घालून चेनच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. भारी साड्या ठेवायला आम्हीच गिऱ्हाइकाला देतो तसली पिशवी. चेन ओढली आणि तळाशी ठेवलं. माय उठून देवघरात गेली, अंगारा आणून पोराच्या कपाळाला लावला. गाडी गेल्यावर मी म्हणालो, "काढंल गं ती." माय म्हणाली, "मी काय म्हनले का?"

नंतर रोज फोन व्हायचा. पोरगा हसला, कुशीवर वळला, पोटात दुखलं. माय सगळं विचारायची, एक सोडून. मी विचारतो म्हणालो तर डोळे वटारले. विचारून वापरलेलं तिला नको होतं.

मग एका सकाळी लेकीनं फोटो पाठवला. पोरगा बाल्कनीत कोवळ्या उन्हात, बापाच्या मांडीवर, तोंड उघडून हसतोय. मी दुकानातून घरी निरोप धाडला, माय आली, शेजारच्या काकूही आल्या. काकू म्हणाल्या, नाक पणज्यावर गेलंय. मी म्हणालो, माझ्यावर. मायनं मोबाईल माझ्या हातातून घेतला, डोळ्यांपाशी नेला, लांब धरला.

"त्याच्या मागचं मोठं कर."

"माय, पोराकडं बघ की. कसा हसायलाय."

"त्यो कुटं पळून चाल्लाय? मागचं कर म्हनलं ना."

मी बोटांनी फोटो ताणला. पोराच्या डोक्यामागं कपडे वाळत घालायचा स्टँड होता. त्याच्यावर सशाचे कान नव्हते. ठिगळं आत घेऊन दुपटं टाकलेलं, पांढरी बाजू उन्हाला. मधोमध मोठा ओला गोल.

मायनं तो गोल बराच वेळ बघितला.

"मुतलंय," ती म्हणाली. मग आणखी जवळ धरून, "अन् कडंचा टाका उसवलाय. रोजचं दिसतंय."

काकू हसायला लागल्या. माय हसली नाही. तिनं मोबाईल मला दिला, पदरानं चष्मा पुसला आणि गादीकडं वळली.

"लोडाच्या खोळी काड बरं. त्या बी तवाच्याच हायेत. एकावर काय भागतंय, वाळंस्तर दुसरं नको का?"

मी लोडालाच टेकून बसलो होतो. उठावं लागलं.