प्लास्टिकखालची सीट

निवृत्तीनंतर बाबांनी गाडी घेतली ती चामड्याच्या सीटची. कोलशेतच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं पाळ्या केल्या. साहेब लोकांच्या गाड्या त्यांनी फक्त बाहेरून पाहिल्या, असं ते स्वतःच सांगत. गाडी वर्तकनगरला आमच्या बिल्डिंगखाली आली तेव्हा सीटवर जाड पारदर्शक प्लास्टिक होतं. ते त्यांनी काढू दिलं नाही. उन्हाळ्यात पाठ चिकटायची, उठताना चर्र आवाज व्हायचा, तरी प्लास्टिक जागेवर. चामडं खराब होऊ नये म्हणून. चार वर्षांत आमच्यापैकी कोणाचाही हात त्या चामड्याला लागला नव्हता.

गाडी भिजली माझ्यामुळे.

जुलैतला रविवार होता. मावशी खडवलीला राहते. तिच्यासाठी मी कल्याणमध्ये पडद्यांचे दोन सात फुटी रॉड घेतले. ते गाडीत मावेनात, म्हणून पुढची डावी काच पूर्ण खाली केली आणि टोकं बाहेर काढून ठेवली. सकाळपासून उघडीप होती. खडवलीला पोचल्यावर रॉड काढून घरात नेले. काच वर करायची राहिली. जेवण झालं आणि पाऊस आला, वाऱ्यासकट, शेताच्या बाजूने तिरपा. मी आत खुर्चीवर चढून पडदे लावत होते. तीन तासांनी निघायला म्हणून बाहेर आले तेव्हा ती काच उघडी दिसली.

डाव्या सीटच्या खोलगट भागात प्लास्टिकवर पाणी साचलं होतं. मावशीने टॉवेल दिला. मी सीट टिपली, रबरी मॅट झटकलं. पाच मिनिटांत प्लास्टिक कोरडं दिसायला लागलं. जिथे सीटची पाठ आणि बैठक जुळते तिथे प्लास्टिकला फट असते, हे मला माहीत होतं. पाणी त्या फटीतून खाली गेलं असणार, हेही कळत होतं. मी प्लास्टिक उचलून पाहिलं नाही.

ठाण्यात शिरताना मी एक परफ्यूमची बाटली घेतली आणि एसीच्या जाळीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "गाडीत वास कसला येतोय गं?"

"परफ्यूम आहे. नवीन."

"बाथरूमसारखा येतो."

"सवय होईल."

त्यांना सवय झाली. गाडी ते फारशी चालवत नसत. गुडघ्यामुळे क्लच जड जायचा. पण रोज अकराच्या सुमाराला, आंघोळ झाली की ते खाली जात. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू करत आणि डाव्या सीटवर जाऊन बसत, कारण तिथे पाय लांब करता येतात. डासांसाठी काचा बंद. मी ज्या वर्तमानपत्रात उपसंपादक आहे ते वर्तमानपत्र ते तिथे बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आणि चुका पेनाने गोल करून ठेवत. मी दुपारी कामाला निघताना तो अंक माझ्या हातात देत. "पान पाच बघ. ही शाळा त्या रस्त्यावर नाही. मी तिथून रोज जायचो." पाऊण तास, कधी तास. हे सगळा ऑगस्ट चालू होतं.

गणपतीच्या आधी खोकला सुरू झाला. कोरडा. आईने काढे केले, मीठ-हळदीच्या गुळण्या झाल्या. मग संध्याकाळी अंग कोमट राहायला लागलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाबा दुसऱ्या मजल्यावर वीज मीटरच्या पाटीसमोर थांबू लागले. कोणी विचारलं तर म्हणत, "रीडिंग बघतोय." एकदा मी मागून जिना चढत होते. ते मीटरकडे बघत नव्हते. डोळे मिटून, एक हात भिंतीला लावून उभे होते, आणि खांदे वर-खाली होत होते.

छातीच्या डॉक्टरांनी स्कॅन करायला सांगितला. फिल्म उजेडावर धरून त्यांनी दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात बोट फिरवलं. तिथे राखाडी धुरासारखं काही होतं आणि त्यात बारीक जाळी.

"घरात कबुतरं येतात का? खिडकीशी, एसीवर?"

"जाळ्या लावल्यात," आई म्हणाली.

"भिंतींना ओल? कुठे बुरशी?"

"घर खडखडीत आहे, डॉक्टर. मी रोज पुसते. माळासुद्धा."

"कुठल्या बंद, दमट जागेत बसता का?"

"मी बसणार कुठे," बाबा म्हणाले. "घरी. नाहीतर खाली गाडीत."

"गाडी ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न लिहून घेऊ लागल्या.

मी बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. जुलैतल्या पावसाचं सांगितलं नाही.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "श्वासातून रोज काहीतरी आत जातंय, ज्याच्याशी यांचं शरीर भांडतंय. ते शोधा. ते थांबलं नाही तर गोळ्यांचा उपयोग नाही. फुप्फुस एकदा कडक झालं की परत मऊ होत नाही. दहा दिवसांनी या. तोवर कारण सापडलं नाही, तर तुकडा काढून तपासावा लागेल." तुकडा कसा काढतात ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. या वयात, या श्वासावर त्यात धोका आहे, हेही सांगितलं.

घरी आल्यावर मी गाडीची किल्ली घेतली आणि खाली गेले. डावं दार उघडलं. सीटच्या कडेला प्लास्टिक एका इलॅस्टिकने अडकवलेलं होतं, ते सोडवून वर केलं.

आधी वास आला. बंद माठाचा असतो तसा, पण जड. चामडं मुळात फिकट बदामी होतं. त्यावर करडे-हिरवे गोल उगवले होते, काही रुपयाएवढे, काही एकमेकांत मिसळून तळहाताएवढे. शिवणींमधून पांढरी लव आली होती. बैठकीच्या मधोमध आणि पाठीवर खांद्यांच्या उंचीपर्यंत मात्र डाग नव्हते. तिथे चामडं दबून गुळगुळीत राहिलं होतं. माणूस बसतो तेवढी जागा स्वच्छ होती आणि तिच्याभोवती कड धरून बुरशी होती. बाबांची आकृती त्या सीटवर नीट ओळखू येत होती. उजवा खांदा थोडा खाली, ते बसतात तसा.

मी प्लास्टिक परत लावलं. दार लावून घेतल्यावर आठवलं की मी तोंडावर काही धरलं नव्हतं.

त्या दिवशी बाबांना सांगितलं की गाडी सर्व्हिसिंगला न्यायची आहे. "आत्ता कशाला?" एवढंच म्हणाले. खोकला आला म्हणून पुढचं राहिलं.

कोलशेतला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांच्या सीट शिवणारा एक कुशनवाला आहे. पन्नाशीचा, कानावर खडू खोचलेला. त्याने दार उघडलं, प्लास्टिक उचललं आणि परत सोडलं.

"ताई, हे प्लास्टिक शोरूमचंच ना?"

"हो."

"अर्धं ठाणं प्लास्टिकवर बसतं. सोफ्याला प्लास्टिक, रिमोटला प्लास्टिक, गादीला प्लास्टिक. लोक वरती जातील तेव्हाच काढतील बहुतेक." तो स्वतःच हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने विषय बदलला.

त्याने आधी बॅटरीची वायर काढली आणि चहा मागवला. सीटखालून एअरबॅगची वायर जाते, म्हणून दहा मिनिटं थांबायचं असतं, असं त्याने सांगितलं. मग चार बोल्ट सोडवून डावी सीट बाहेर काढली. कार्पेट उचललं. त्याखाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा, जाड थर असतो. त्याने तो मुठीत पिळला. पाणी आलं. काळं, हळूहळू, पण धार लागण्याइतकं.

"पाणी कधी गेलेलं?"

"जुलैत."

"दोन महिने." त्याने हात पुसले. "मग गाडी बंद होती का?"

"नाही. रोज एक जण बसायचे."

"कोण?"

"वडील."

हे मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होते. तो आत गेला, दोन मास्क घेऊन आला, एक मला दिला, एक स्वतः लावला. गेली वीस मिनिटं तो मास्कशिवाय काम करत होता.

चामड्याचं कव्हर त्याने सांगाड्यावरून उतरवलं. आतला फोम मधोमध तपकिरी पडला होता, बोट दाबलं की भुगा व्हायचा. फोम आणि नमदा त्याने गोणीत भरून तोंड बांधलं. हे परत वापरायचं नाही, म्हणाला. कव्हर मोकळ्या जागेत नेऊन मऊ ब्रशने उलटं-सुलटं झाडलं, पाण्यात मिसळलेल्या स्पिरिटने पुसलं, मग साबणाच्या फडक्याने, मग कोरड्याने. दोन तास गेले.

"उन्हात टाका ना," मी म्हणाले. "ऊन पडलंय. लवकर होईल."

"पापड होईल. चामडं सावलीतच वाळवायचं. पंख्याखाली. चार दिवस, पाचही लागतील. घाई केली की कडक होतं, मग काही लावा, मऊ होत नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. तो खुंटीला दोरी बांधत होता.

चार दिवस मी रोज कामावर जाण्याआधी तिथे जात होते. कव्हर दोरीवर उलटं टांगलेलं असायचं, खाली उभा पंखा फिरत असायचा. घरी बाबा गादीवर पाठीला दोन उशा लावून वर्तमानपत्र वाचत. चुकांभोवती गोल करणं बंद झालं होतं. अंक तसाच कोरा परत मिळायचा. चौथ्या दिवशी कुशनवाल्याने चामड्याला कंडिशनर चोळलं, आणि डाग जवळजवळ गेले. शिवणीत एक फिकट सावली राहिली.

"आता बसायला चालेल?" मी विचारलं.

"दिसायला नवीन होईल. नवा फोम, नवा नमदा, सगळं नवं. एसीचा फिल्टरपण बदलून घ्या." तो थांबला. "पण वडिलांचं विचारत असाल तर ते मी नाही सांगू शकत ताई. मला चामड्यातलं कळतं."

गाडी आता स्वच्छ होती. कोणाला काही सांगायची गरज उरली नव्हती, असंही म्हणता आलं असतं. दहाव्या दिवसापर्यंत मी तसंच धरून चालले होते.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काही सापडलं?" बाबा म्हणाले, "नाही." डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे सरकवला. सही जिथे करायची त्या दोन जागांवर त्यांनी फुल्या केल्या. बाबांनी खिशातून पेन काढलं. तेच पेन, ज्याने ते माझ्या चुका गोल करत. 

"थांबा," मी म्हणाले.

मग बातमी सांगावी तशी सांगितली. कधी, कुठे, किती तास, कुठल्या बाजूची काच. पाणी कुठे गेलं. कोण कुठे बसत होतं, रोज किती वेळ. प्लास्टिकखाली काय होतं. मोबाइलवरचे, कुशनवाल्याकडे काढलेले फोटो दाखवले. बाबांनी मोबाइल हातात घेतला आणि एकच फोटो बराच वेळ पाहिला. त्यात ती आकृती होती.

आई म्हणाली, "म्हणजे तो परफ्यूम त्यासाठी होता."

"हो."

"आणि मी तिथे बसून सांगत होते, घर खडखडीत आहे."

डॉक्टरांनी कागद परत ओढून घेतला. किती आठवडे, काचा बंद असत का, एसी चालू असे का, हे विचारून त्यांनी सगळं लिहिलं. तुकडा काढणं त्यांनी पुढे ढकललं. औषध सुरू केलं. गाडीत बसायचं नाही. सहा आठवड्यांनी परत तपासायचं. श्वास सुधारला तर हेच कारण.

"आणि नाही सुधारला तर?" बाबांनी विचारलं.

"तर मग तुकडा."

रिक्षात बाबा मध्ये बसले होते.  घर आलं तेव्हा म्हणाले, "मला त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी ओरडलो असतो. दोन दिवस. फार तर तीन."

सहा आठवडे आम्ही भिंतीपलीकडून खोकला ऐकत काढले. एखाद्या रात्री तो आला नाही, तर आई उठून त्यांच्या नाकाशी हात नेऊन बघायची. पाचव्या आठवड्यात ताप थांबला. सहाव्या आठवड्यात नळीत फुंकायची चाचणी आधीपेक्षा बरी आली. स्कॅनमधला धूर बराचसा गेला होता. खालच्या भागातली थोडी जाळी मात्र तशीच होती. ती वाढतेय का ते दर सहा महिन्यांनी बघायचं, डॉक्टर म्हणाल्या. जाणार नाही.

परत आल्यावर बाबा बिल्डिंगखाली थांबले. "दार उघड," म्हणाले. मी डावं दार उघडलं. ते चार पावलं लांब उभे राहिले, तोंडावर रुमाल धरून. सीटवर प्लास्टिक नव्हतं. बदामी चामडं, दुहेरी शिवण, बैठकीवर बारीक भोकांची नक्षी.

"असं होतं होय हे," बाबा म्हणाले.

त्यांनी रुमाल तसाच धरून मान हलवली, म्हणजे लाव. मी दार लावलं. ते जिन्याकडे वळले. मी खालीच उभी राहून पावलं ऐकत होते. पहिला मजला. मग दुसरा. मीटरच्या पाटीशी पावलं थांबली.

मी वाट बघत राहिले.