मुलाखतीच्या खोलीतले काका

“स्वतःविषयी नको सांगूस. काल काय चुकलं ते सांग.”

सरावाच्या मुलाखतीला बसलेल्या प्रत्येक मुलाला काकांचा हा पहिला प्रश्न असायचा. मुलं बिचारी स्वतःविषयीची चार वाक्यं घोकून, आरशासमोर म्हणून आलेली. त्यांचे चेहरे पडायचे. काका पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचे, चष्मा पुसायला घ्यायचे आणि मुलाकडे न बघता थांबायचे. कितीही वेळ थांबायचे. मी एकदा घड्याळ दाखवलं, तर मलाच गप्प बसायची खूण केली.

तुमच्याही ओळखीत असा एखादा निवृत्त माणूस असेल, आपलं काम संपलंय हे ज्याला कोणी नीट सांगितलेलंच नाही. आमचे काका नात्यातले नव्हेत, सगळ्यांचेच काका; ते तुर्भ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायचे. मूळ साताऱ्याकडचे. मी इथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि दर उन्हाळ्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी आठ आठवड्यांचा संशोधन कार्यक्रम चालवते. चालवते म्हणजे काय, तर सुट्टीत गावाला न गेलेल्या तीस मुलांना छोटे प्रयोग द्यायचे, बायोडेटा लिहायला शिकवायचा आणि शेवटच्या आठवड्यात नोकरीच्या मुलाखतींचा सराव करून घ्यायचा. त्या सरावाला बाहेरचा माणूस हवा, आणि तो फुकट यायला तयार हवा. असा माणूस एकच मिळाला.

काम शेवटच्या आठवड्यातलं, पण काका पहिल्या दिवसापासून हजर. “तेवढीच पोरांची ओळख हुते,” म्हणायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात डबा. डब्यात स्वतः थापलेली भाकरी आणि कोरडं पिठलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये एकटेच. “काका, एवढ्या उन्हाचं रोज कशाला येता?” मी एकदा विचारलं.

“घरी टीव्ही बोलतो मॅडम. पण माझं ऐकत न्हाई.”

मी हसले. मला तो विनोद वाटला होता.

एका वर्षी खाडीकाठच्या गावातली एक मुलगी आली. घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच. तिला खाडीच्या पाण्यातला खारटपणा मोजायचा प्रयोग दिला होता. शेवटी तिनं वही आणली ती इतकी देखणी, की एक खाडाखोड नाही. मी खूश. काकांनी चार पानं उलटली आणि विचारलं, “कच्ची वही कुठाय?”

“फारली काका. खराब दिसत व्हती. भरतीच्या पान्याचा आकरा येगलाच येत व्हता, मी तो घेतलाच नाय.”

काका ताडकन उठले. मला वाटलं, आता ओरडणार. पण ते म्हणाले, “आगं, तो येगळा आकडा तेवढा तुझा होता. बाकीचे पुस्तकात हायतच की.”

दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ बघून दोघं खाडीवर गेले आणि बाटल्या भरून आले. आकडा पुन्हा वेगळाच आला. मोजताना जिथे चूक झाली तिथे काकांनी तिला फक्त एक आडवी रेघ मारायला लावली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही. कारखान्यातली त्यांची पद्धत तीच होती. ती मुलगी आता एका प्रयोगशाळेत नोकरी करते. खऱ्या मुलाखतीत तिनं फाडलेल्या वहीचीच गोष्ट सांगितली म्हणे.

आता माझी चूक सांगते.

गेल्या वर्षी कॉलेजनं मुलाखतींसाठी नवी सोय विकत घेतली. मुलगा पडद्याशी बोलतो, पडदा त्याला मार्क देतो. प्राचार्य मला म्हणाले, “आता बाहेरचं कोणी नको. तुमच्या त्या काकांना कळवून टाका.” मी हो म्हटलं आणि तीन आठवडे टाळलं. आधी परीक्षा होत्या, मग पेपर तपासायचे होते. खरं म्हणजे माझ्यात हिंमत नव्हती.

पाहुण्यांसाठी आमच्याकडे वेगळा फॉर्म नाही. त्यामुळे काका दर वर्षी विद्यार्थ्यांचाच अर्ज भरायचे. ‘कोणत्या विषयात रस?’ या रकान्यात ‘सगळ्या’ असं लिहायचे, आणि ऑफिसात आम्ही ते एकमेकांना वाचून दाखवायचो. गेल्या वर्षीही त्यांनी अर्ज भरला. मुलांची निवड झाली, बाकीच्यांना नकाराची मेल एका फटक्यात गेली. एरवी काकांचा अर्ज मी आधीच बाजूला काढायचे, तेव्हा राहून गेला. काका निवडलेल्या तिसांत नव्हते, म्हणून त्यांनाही गेली. मजकूर माझाच होता. ‘आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केला. यंदा आपली निवड होऊ शकली नाही. खचून जाऊ नका.’

दोन दिवसांनी नकाराच्या यादीत त्यांचं नाव दिसलं. मी त्यांचा अर्ज उघडला. ‘हा कार्यक्रम तुम्हाला का हवा आहे?’ या प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘मे महिन्यात बिल्डिंग रिकामी होते. सगळे गावाला जातात. दिवस जाता जात नाही.’ काळजीपूर्वक विचार सोडा, मी तो अर्ज वाचलाही नव्हता.

त्याच संध्याकाळी ऐरोलीला गेले. लिफ्टचा आवाज ऐकला असावा. बेल दाबायच्या आधीच दार उघडलं. काकांनी चहा केला. मेल कुठूनतरी छापून आणलेली टेबलावर होती.

“राग न्हाई मॅडम. फक्त एक सांगा. कुठं कमी पडलो?”

“काका, ती मेल चुकून गेली. कॉम्प्युटरची चूक.”

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. “हात्तिच्या! मग शेवटच्या आठवड्यात सोमवारी येऊ ना मी?”

नऊ उन्हाळे त्यांच्या शेजारी बसून मुलांना आपली चूक कबूल करताना पाहिलं होतं. मला माझी सांगता येईना.

“बरं, बरं,” ते हळूच म्हणाले. “बिस्किट घ्या की.”

मला रिक्षात बसवायला खाली आले. रिक्षाची दांडी धरून पाण्याच्या वेळांबद्दल, वरच्या मजल्यावरच्या गळतीबद्दल, कशाबद्दलही बोलत राहिले. शेवटी रिक्षावाला म्हणाला, “काका, सोडा ना आता.” तेव्हा त्यांनी हात काढला.

आमची ती शेवटची भेट. पावसाळ्यात ते फ्लॅट विकून साताऱ्याला पुतण्याकडे गेले, असं कळलं. त्याआधी तो सोमवार येऊन गेला.

त्या दिवशी तीस मुलं संगणकाच्या खोलीत, दारं बंद, एसी चालू, कानाला हेडफोन लावून पडद्यांशी बोलत होती. दुपारी गेटवरचा वॉचमन म्हणाला, “मॅडम, सकाळी काका आलेले.”

“मग आत का नाही सोडलंस?”

“मी बोललो चला आत. नको बोलले, बोलावलेलं नाय. इथेच स्टुलावर बसले तासभर. टाइमपास म्हणून माझाच इंटरव्ह्यू घेतला. पास केला मला.”

मी गेटबाहेर धावले. रस्त्यावर ट्रकांची रांग होती, बसस्टॉपवर कोणी नव्हतं. परत येऊन विचारलं, “काही निरोप ठेवलाय?”

“नाय. पोरं आलीत का, विचारलं. मी बोललो, सगळी आलीत, आत इंटरव्ह्यू चालू आहेत. मग थोडा वेळ कान देऊन बसले. बोलले, मग आवाज कसा येत नाय रे कोणाचा?”