पुरावा माझ्या मोबाइलात होता!

तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा! पण आधी चहा घ्या आणि माझी फजिती नीट ऐका.

कोळवणच्या हिराबाईच्या मेंढ्यांसाठी पाण्याचा हौद बांधून देतो, असं एका साहेबांनी माझ्यादेखत कबूल केलं होतं. आता म्हणतात, "मी असं बोललोच नाही." बोललोच नाही? तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला हे सांगता? मी चारचौघांत गरजलो, "रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे! ग्रामसभेत ऐकवतो!"

सभेच्या आदल्या दिवशी हिराबाईला नांद्याला माझ्या घरी बोलावलं. जुन्या मोबाइलातली फाइल कॉम्प्युटरवर टाकली. वाजेना! झालं, पुरावा दडपला जातोय अशी माझी खात्रीच पटली. मथळासुद्धा लिहून टाकला मी!

आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी स्वाती प्रोग्रॅम लिहिते. तिला हाक मारली.

"काका, कुणी काही दडपलं नाहीये. फाइलचा फॉरमॅट जुना आहे. थांबा, मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते त्या जावालाच विचारू, तिला आवाजाचे कोणकोणते फॉरमॅट चालतात."

"भाषेलाच विचारायचं?"

तिने दोन-तीन ओळी लिहून बटण दाबलं. पडद्यावर तीन नावं आली. वेव्ह, एयू, एआयएफएफ. बस्स!

"तीनच? एवढं नाव आहे त्या भाषेचं!" मी खवळलो. "जाब विचारला पाहिजे!"

"विचारला की आत्ता. तिने खरं सांगितलं. तुमच्या फाइलचा एएमआर त्यात नाही."

आणि माझा राग चक्क मावळला. अहो, जन्मभर मोठमोठ्यांना प्रश्न विचारले. 'मला एवढंच येतं, बाकीचं येत नाही' असं पहिल्याच प्रश्नाला सांगणारं एक तरी भेटलं होतं का मला? त्या पडद्याला हात जोडावेसे वाटले!

स्वातीने फाइल वेव्हमध्ये बदलली. खोलीत आवाज घुमला. माझा!

"हौद बांधणार की नाही? बोला! अहो, बोला ना! गप्प का?" साहेबांचं "हो, म्हणजे मी..." सुरू होतंय, की वर माझी तोफ! फाइल संपेपर्यंत तेच.

हिराबाईने विचारलं, "बांधतो म्हनला, त्ये ह्यात कुटं हाय?"

"आहे... माझ्या आवाजाखाली."

"ऱ्हाऊ द्या. उद्या सभेत माजी मीच इचारते." ती पदर सावरून उठली आणि दारात थांबून स्वातीला म्हणाली, "पोरी, त्या मशिनीला इचारलंस तसं ह्या दादास्नी बी इचार की, काय काय ऐकू येतंय त्ये!"