तांदळातलं नाव

लग्नाआधी आमची पत्रं चालायची. मी तिसगावला प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि तो कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होता. बघायला आला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "मला बायको नको, मैत्रीण हवी." माझ्या वडिलांना ते चमत्कारिक वाटलं, मला फार आवडलं. पुढं पत्रात त्यानं हट्टच धरला, "अहो-जाहो नको, मला तू म्हण." मी म्हणायला लागले.

दुष्काळातच लग्न लागलं. पंगतीचं पाणी बैलगाडीवर पिंपातून आणलं होतं. सासरी आल्यावर लक्ष्मीपूजन झालं. सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले आणि त्याच्या हातात अंगठी दिली. तो वाकला आणि त्यानं तांदळात लिहिलं, सावित्री.

मला कुणी विचारलं नव्हतं. मला माझं नाव होतं, आईनं ठेवलेलं, आणि त्यात काही खोट नव्हती.

"हे कशाला?" मी विचारलं.

"नवऱ्यासाठी यमाच्या मागं गेली ती," तो हसत म्हणाला. "खूप विचार करून निवडलंय."

"नुसती मागं नाही गेली. यमाशी वाद घालत गेली. नवराही तिनं स्वतः शोधला होता. आणि लग्न झाल्यावर तिचं नाव कुणी बदललं, सांग ना तू?"

त्या 'तू'वर जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्याचं हसू गेलं. "चारचौघांत नीट बोल," तो म्हणाला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी ताटावरून सरळ हात फिरवला. सासूबाईंनी मनगट धरलं, तोवर अक्षरं पुसली होती.

तरी घरात सगळे मला सावित्रीच म्हणायचे. मी ओ द्यायची नाही. हाका मारून मारून सासूबाई दारात यायच्या, "बहिरी हाय का गं?" मी म्हणायची, "मला कुठं हाक मारलीत?" तो पेपरात डोकं घालून बसायचा. एकदा म्हणाला, "एवढंसं नाव ते. त्यावरून कशाला रोज भांडण?" एवढंसं होतं, तर त्यानं का नाही सोडलं?

वटपौर्णिमेला मी वडाला जाणार नाही म्हणून सांगितलं. सासूबाई एकट्याच गेल्या. थोड्या वेळानं शेजारीण आली नि हळू आवाजात म्हणाली, "बरं न्हाई का? तुमच्या सासूबाई म्हणल्या, पाळी आलीय."

आता मात्र माझं डोकं फिरलं. तशीच चप्पल घालून वडापाशी गेले. दोरे गुंडाळत बायका फेरे घालत होत्या. मी मोठ्यानं म्हणाले, "मला पाळीबिळी आलेली नाही. मला यायचं नव्हतं, म्हणून आले नाही."

सासूबाई ताट घेऊन पुढं आल्या. "लाज हाय का न्हाई तुला?"

"खोटं तुम्ही बोललात," मी म्हणाले आणि मागं फिरले.

घरी तो जेवायला बसला होता. वडापाशी काय झालं ते कुणीतरी माझ्या आधीच धावत येऊन त्याला सांगितलं होतं. "तुला नेमकं काय सिद्ध करायचंय?" त्यानं विचारलं. मैत्रिणीला विचारावं तसं नव्हे, कारखान्यातल्या मजुराला दरडावावं तसं. मी उपासाच्या दिवशी स्वतःसाठी ताट वाढून घेतलं, त्याच्यासमोर बसले आणि पोटभर जेवले.