आढ्याकडची नजर

पुआंग बेद्दूंना सिनेमाचं वेड होतं आणि त्या वेडाचा मला पहिल्यापासून राग यायचा. तालुक्याच्या थिएटरात राजाराणीचा सिनेमा लागला की ते लुंगीसारखा नवा सारोंग नेसून, कानामागे चाफा खोचून सगळ्यांत पुढच्या रांगेत जाऊन बसायचे.

"कोणाला शोधता हो तिथे?" मी विचारायची.

"आपल्याला. राजवाडा दाखवायचा म्हणजे बिस्सू दाखवावाच लागेल. राणीला गादीवर बसवायला दुसरं होतं कोण?"

परत यायचे ते तोंड पाडून. पडद्यावर आमच्यासारखं माणूस आलंच, तर कंबर मुरडत यायचं, राजाच्या शिव्या खायचं आणि थिएटर खिदळायचं. बाकी राजवाडे आमच्यावाचून चालायचे.

मी चेन्निंग. जन्मले मुलगा म्हणून, वाढले बाई म्हणून. आमच्याकडे अशांना चालाबाई म्हणतात, आणि सुलावेसी बेटाच्या या किनाऱ्यावर आमचा हात लागल्याशिवाय नवरी सजत नाही. मी नवऱ्या सजवते, त्यांच्या कपाळावर काळी महिरप रेखते. बिस्सूंची गोष्ट वेगळी. बाई आणि पुरुष दोन्ही एका अंगात, म्हणून देवांशी बोलायचा मान त्यांचा. कानामागे फूल आणि कमरेला कट्यार. आमच्या गावात असे एकच उरले होते, पुआंग बेद्दू; पुआंग हा बिस्सूंना लावायचा मानाचा शब्द. त्यांचं जेवण माझ्याकडे, त्यांची कुरकुर माझ्याकडे, आणि त्यांचं गुपितही माझ्याकडे.

गुपित म्हणजे तलवार. इथलं जुनं राज्य गेलं तरी त्याचं राजचिन्ह, ती तलवार, राहिली होती, आणि तिची राखण पुआंग बेद्दूंचे गुरू पुआंग सोद्दा करायचे. बेद्दू लहान होते तेव्हा जंगलातून बंदूकवाले आले. बिस्सूंचे केस कापा, हातात कुदळ द्या, त्यांच्या पूजेच्या वस्तू बुडवा, असा त्यांचा हुकूम होता. पुआंग सोद्दा म्हणाले, "तलवार मीच समुद्रात टाकली." ती तर, आज पुआंग बेद्दू राहतात त्याच घराच्या आढ्याला बांधलेल्या पोकळ बांबूत निजलेली होती.

बिस्सू घरात शिरताना उंबऱ्याला बोटं लावतो आणि जिथे राजचिन्ह निजलेलं असतं तिकडे डोळे उचलून नमस्कार करतो. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपण करतोय हेही कळत नाही. त्या दिवशी पाठीला बंदूक टेकलेली असताना पुआंग सोद्दा मान खाली घालून घरात गेले आणि शेवटपर्यंत खालीच बघत राहिले. बंदूकवाल्यांनी माळ्यावरचं भात उपसलं, जमिनीच्या फळ्या उचकटल्या, आढ्याकडे कोणी पाहिलं नाही. जाताना त्यांनी पुआंग सोद्दांना नेलं. ते काही परत आले नाहीत. तेव्हापासून सगळा मुलूख समजतो की तलवार समुद्रात आहे.

असं असताना आमच्या दारात सिनेमावाले आले.

जुन्या राणीचा सिनेमा करायचा होता, आणि त्यात राणीची राखण करणारा बिस्सू मोठ्या भूमिकेत होता. दिग्दर्शकाला पुआंगांचं खांबांवरचं जुनं घर बघताक्षणी आवडलं आणि शूटिंग तिथेच ठरलं. जाकार्ताहून रेंद्रा नावाचा देखणा नट आला आणि बिस्सूची चालचलणूक शिकायला पुआंगांकडेच राहिला. पुआंगांचा पाय जमिनीवर ठरेना. सकाळी उठून स्वतः केळी तळायला बसले, तेव्हाच मी ओळखलं की म्हातारं हातचं गेलं.

"चेन्निंग, या वेळी हसणार नाहीत लोक," ते म्हणाले.

"हसले नाहीत तर काय करतील, याची मला जास्त भीती वाटते," मी म्हणाले.

भीती उगाच नव्हती. आमच्या रिती म्हणजे पाप, असं सांगत हाजी पालेवाई आणि त्याची पोरं वर्षभर गावोगाव फिरत होती. शेजारच्या गावात त्यांनी चालाबाईंचा लग्नमंडप उखडला होता, पलीकडच्या बिस्सूचा ढोल फोडला होता. याच हाजीच्या बायकोच्या कपाळावर मी महिरप काढली होती आणि त्याने हात जोडून माझे आभार मानले होते. आता रस्त्यात दिसलो की थुंकायचा. "तलवार समुद्रात आहे, हे यांचं नशीब," चहाच्या टपरीवर म्हणायचा. "नाहीतर मीच तिचे तुकडे केले असते."

सिनेमात कपडे भडक शिवले, मंत्राच्या जागी भलतंच गाणं घातलं. पुआंग सांगायचे आणि दिग्दर्शक गोड हसून म्हणायचा, "प्रेक्षकांना असंच लागतं, पुआंग." मग एक दिवस रेंद्राने जेवता जेवता विचारलं, "तुम्ही दारात आलात की वर काय बघता?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"पाली बघतो," पुआंग म्हणाले. "फार झाल्यात."

रेंद्रा हसला, पण पोरगं हुशार होतं. दुसऱ्या दिवशी शूटिंगमध्ये तो दारात आला, उंबऱ्याला बोटं लावली आणि सावकाश डोळे उचलून आढ्याकडे पाहिलं. एवढंच केलं. आणि देवाशपथ सांगते, तेवढा एक क्षण पुआंग सोद्दा परत आल्यासारखे वाटले. दिग्दर्शक पुटपुटला, "हे कुठून काढलंस रे?" आणि कॅमेरा त्या नजरेमागून वर, थेट आढ्यापर्यंत न्यायला सांगितलं.

मी पुआंगांना घराखाली, खांबांच्या आडोशाला ओढत नेलं. "काढायला लावा ते. आत्ताच्या आत्ता."

ते वर दाराकडेच बघत होते.

"अहो, कळतंय का? घर तुमचं, आढं तुमचं. आंधळ्यालाही समजेल."

"लोक सिनेमा बघतात गं, आढी नाही बघत."

"पुआंग!"

"सगळं खोटं आहे त्यात, चेन्निंग." त्यांचे डोळे भरून आले होते. "कपडे खोटे, गाणं खोटं. एवढंच खरं आहे. साठ वर्षं वाट बघितली मी. एवढं तरी राहू दे."

मलाही ते बघायचं होतं. माझ्या जन्मात मीही स्वतःला असं, इतक्या मानाने कुठे पाहिलं नव्हतं.

सिनेमा तालुक्यात लागला तेव्हा दुपारच्या खेळाला आम्ही दोघं गेलो. पुआंग नेहमीसारखे पुढच्या रांगेत बसले, शेजारी मी. थिएटर भरलेलं होतं. रेंद्राचा बिस्सू पडद्यावर आला आणि कोणी हसलं नाही. एकही माणूस हसलं नाही. पुआंगांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. राणी त्या बिस्सूपुढे वाकली तेव्हा मागे एक म्हातारी हुंदके देत होती. मला भरून आलं, आणि जे आहे ते सांगते, त्या क्षणी मी तलवार पार विसरले होते.

मग ती नजर आली. केवढी मोठी दिसली पडद्यावर! उंबरा, बोटं, वर उचललेले डोळे आणि डोळ्यांमागून आढं. आढ्याला काथ्याने बांधलेला जुना बांबू. आमच्याकडे आढ्याला बांबू कोणी बांधत नाही.

मागच्या रांगेत कुजबुज झाली. मी वळून बघितलं. हाजी पालेवाई सिनेमाला येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. काय काय पाप दाखवतात ते मोजायला आला असेल. तो पडद्याकडे बघत नव्हता. तो पुआंगांच्या पाठीकडे बघत होता. मग शेजारच्या पोराच्या कानाला लागला आणि दोघं खेळ अर्धा टाकून उठून गेले.

आम्ही तडक घरी आलो. जिन्यापाशी मी म्हणाले, "नवऱ्यांच्या कपड्यांच्या माझ्या लांब पेटीत तलवार मावेल. आत्ता काढू, मी माझ्या बहिणीकडे नेते."

"न जागवता?"

"जीव मोठा की रीत मोठी?"

"झोपेतून ओढून नेलेली तलवार ही तलवार राहत नाही गं. लोखंड होतं नुसतं. ढोल हवा, चार रंगांचा भात हवा. ढोल वाजला की तिसऱ्या गल्लीत ऐकू जातो." ते पायरीवर बसले. "म्हणजे हलवली तरी गेली, नाही हलवली तरी गेली."

मी त्यांना शिव्या घातल्या. मूर्ख म्हणाले, हट्टी म्हणाले, त्या रेंद्राचंही सगळं खानदान काढलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "नजर कशी होती गं पोराची?"

"खरी होती," मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

"तांदूळ भिजत घाल," ते म्हणाले. "उद्या जागवू. काय व्हायचं ते होऊ दे."

मी तांदूळ भिजत घातले. हळद किसली, लाल रंगाचं पाणी उकळायला ठेवलं. ढोलाच्या वाद्या पुआंग स्वतः ताणत होते. रस्ता विचित्र शांत होता. समोरच्या घरातल्या बाईने अंगणातून पोरांना आत घेतलं आणि दार लावलं, ऊन अजून पुरतं उतरलंही नव्हतं.

ते आले तेव्हा ओरडाआरडा केला नाही. हाजी पालेवाई पुढे होता, मागे सात-आठ पोरं. दोघांच्या खांद्यावर शिडी होती. पलीकडच्या गावात हे लोक काठ्या घेऊन गेले होते. इथे फक्त शिडी.

"पुआंग," हाजी म्हणाला. इतक्या वर्षांनी त्याने तो मानाचा शब्द वापरला. "सिनेमा छान झालाय. तुमचं घर आतून बघायचंय आम्हाला."

"बघा की," पुआंग म्हणाले.

"तुम्ही आधी चला."

पुआंग उठले. कानामागचा चाफा काढून माझ्या हातात दिला. एकेक पायरी चढून दारात आले आणि उंबऱ्याला बोटं लावली. त्यांची मान वर व्हायला लागलेली मला दिसली, आणि मग थांबली.

ते मान खाली घालून घरात गेले. मधोमध उभे राहिले, जमिनीच्या फळ्यांकडे बघत, हात जोडून, अगदी पुआंग सोद्दांसारखे.

त्यांच्या मागून हाजी उंबरा ओलांडून आला, त्याची पोरं आली, शिडी आली. आणि आत येणाऱ्या प्रत्येकाने दारातच मान वर करून आढ्याकडे पाहिलं.