दिनूच्या भिंतीचा वरचा थर

समीरचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, जल्दी आइए, बाबा मांडव के नीचे गिर गए हैं," एवढंच तो म्हणाला. समता कॉलोनीतल्या त्यांच्या घरी पोहोचलो तर मागच्या अंगणात शेजारचे लोक गुडघ्यांवर बसलेले. माझा मित्र दिनकर, म्हणजे दिनू, याचा द्राक्षांचा मांडव जेमतेम कमरेएवढा. आत शिरायचं तर रांगावंच लागतं. ऑक्टोबरची छाटणी करता करता तो तिथेच कलंडला होता, कात्री हातात. त्याला बाहेर काढायला मीही रांगत आत गेलो, या वयात... वेलीच्या काड्या पाठीला टोचत होत्या. त्या अजून टोचतात.

पुढे इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. एकामागून एक सगळे सांगत होते की नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि दिनकर इटलीतलं चांगलं चाललेलं सोडून मातीच्या ओढीनं परत आला. समीर, त्याचा मुलगा, पहिल्या रांगेत मान खाली घालून ऐकत होता. माझी पाळी आल्यावर मीही तेच बोललो. ते खरं नाही, म्हणून आता लिहितो आहे.

आमचे दोघांचे वडील अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आलेले. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरांत भिंतीला भिंत लावून वाढलो. दिनू जहाजावर फिटर म्हणून गेला आणि इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर उतरला तो तिथेच राहिला. एका म्हाताऱ्या विधवेच्या द्राक्षमळ्यात त्याला काम मिळालं. डोंगर सरळ समुद्रात उतरलेला, त्याला पायऱ्या पाडलेल्या, प्रत्येक पायरीला सिमेंटचा कण नसलेली दगडी भिंत, आणि त्या पायऱ्यांवर वेली. पिकलेले घड सावलीत जाळीवर पसरून मनुकांसारखे सुकवायचे आणि मग त्यांची गोड, सोनेरी वाइन करायची. फोनवर हे सांगताना त्याचा आवाजच बदलायचा. "लेका, इथं मळ्यात उभं राहाता येत नाही. समुद्राचा वारा वेली उपटून नेते, म्हणून मांडव ठेंगणा. दिवसभर वाकून राहा लागते." "अन् तुही कंबर?" मी विचारायचो. "कंबर म्हातारीले देऊन टाकली बे!"

इकडे रायपूरजवळ उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं. राजधानी झाल्याबरोबर फाटकं, जाळ्या, शेड यांची कामं येऊ लागली आणि दिनूसारखा वेल्डिंगचा हात माझ्याकडे कुणाचाच नव्हता. कितीदा बोलावलं, तो हसून टाळायचा. मग एका सप्टेंबरात, त्यांची द्राक्षं उतरायच्या तोंडावर, मी फोन केला. त्याच्या आईला मी काकू म्हणायचो. म्हटलं, "काकूचं काही खरं नाही. लवकर ये." तो म्हणाला, "म्हातारीच्या भिंतीचा वरचा थर राह्यला आहे रे. ते जड दगड बसले नाही तं पावसाचं पाणी भिंतीच्या पोटात शिरते. अन् माह्ये इथं राहाचे कागद याच महिन्यात वाढवाचे आहेत. इथं नसलो तं मले परत येता येणार नाही." हे ऐकूनही मी म्हणालो, "तुही आई आहे. तू ठरव."

तो आला. स्टेशनवरून मीच त्याला घरी घेऊन गेलो. दार काकूंनी उघडलं, हाताला बेसन लागलेलं, ठणठणीत. "काहून रे, न सांगता आला?" दिनूनं माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या त्याच्या बॅगेकडे पाहिलं. मग तो काकूंना म्हणाला, "तुही आठवण आली, मा." मातीच्या ओढीची गोष्ट तिथून सुरू झाली. मला वाचवायला त्यानंच ती सुरू केली, आणि मी ती चालू दिली.

पुढच्या वर्षी तिकडच्या शेजाऱ्याचा फोन वर्कशॉपवर आला. पावसात भिंत कोसळली होती आणि वेलींच्या दोन ओळी घेऊन समुद्रात गेली होती. दिनूनं रिसीव्हर ठेवला, चष्मा लावला आणि संध्याकाळपर्यंत वेल्डिंग करत राहिला. मी त्या दिवशी त्याच्या जवळ गेलोच नाही.

नंतर लग्न झालं, समीर झाला, समता कॉलोनीत घर झालं, आणि सपाट रायपुरात त्यानं मागच्या अंगणात डोंगर रचायला घेतला. ट्रकनं माती आणली, फरशीच्या खाणीतले तुकडे आणले, गुडघ्याएवढ्या तीन पायऱ्या केल्या, बिनसिमेंटच्या. वर तो ठेंगणा मांडव. शेजारचे साहूजी म्हणायचे, "भैया, इसमें तो बकरी भी झुक के जाएगी. यहाँ कौन-सा समंदर है?" "हव, नइ हे," हो, नाही खरा, असं दिनू इथल्या बोलीत म्हणायचा आणि दगड ठोकत राहायचा. घड मागच्या खोलीत सुकायचे. दर उन्हाळ्यात मला त्यांच्या वाइनचा एक पेला मिळायचा. "चुकते. वारा नाही ना, खारटपणा येत नाही," असं म्हणून तो स्वतःचा पेला वेलीच्या मुळाशी ओतायचा.

सगळ्यात वरच्या भिंतीचा वरचा थर मात्र त्यानं कधी बसवला नाही. ते जड दगड घडवून, नीट रचून बाजूला ठेवलेले. काहून, असं मी कधी विचारलं नाही. मला माहीत होतं.

एकदाच, मागच्या छाटणीला, मांडवाखाली आम्ही दोघंच होतो तेव्हा मी तोंड उघडलं. "दिनू, तो फोन मी..." तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वरची काडी धर. सोडू नको." मी धरली. त्यानं कापली. मग पुढची.

परवा समीर म्हणाला, "काका, वो ऊपर वाले पत्थर मैं लगवा दूँ? बाबा का काम पूरा हो जाएगा." मी म्हटलं, थोडा थांब. समीर मराठी बोलत नाही, पण वाचतो. दिनूनंच शिकवलं. तेव्हा बेटा, आधी हे वाच. तो वरचा थर विसरला नव्हता, म्हातारीची भिंत त्याला माझ्यामुळे तशीच अर्धी सोडावी लागली. दगड बसवायचे की नाही ते तू ठरव, आणि या काकाला पुन्हा फाटकातून आत घ्यायचं की नाही, तेही.

तोवर मी संध्याकाळी जातो. अंगणात वारा नसतो, तरी पानं हलल्यासारखी वाटतात. कुठेतरी दगडावर हातोडी पडते... थांबून ऐकलं की काही नसतं. मी गुडघ्यांवर येतो, मांडवाखाली शिरतो. त्याची छाटणी जिथे थांबली तिथे एक लांब काडी अजून तशीच आहे. ती धरून बसतो. सोडत नाही.